अख्ख्या बॅचचा काका

जांभूळ
रविवार, ३ ऑगस्ट

बाळाकाका,

पत्रात मोठ्यांना ‘तुम्ही’ लिहायचं असतं म्हणे. पण तुला मी कधी तुम्ही म्हटलेलं नाही. आता म्हटलं तर तुला वाटेल, शेजाऱ्याचं पत्र चुकून आपल्याकडे आलं. तर मी सोनू. तुझ्या दादाची, महिपतीची, मुलगी. सात वर्षांत मला विसरला नसशील, पण अक्षर ओळखणार नाहीस, कारण ते आता नर्सचं झालंय.

पत्र लिहायची वेळ तूच आणलीस. माझा नंबर दिसला की फोन कापतोस. बनूआत्याचा मात्र बरा उचलतोस! इचलकरंजीचा पत्ता तिच्याकडूनच काढला. त्यासाठी अख्खी दुपार तिच्याकडे बसून वाल सोलले. नखं अजून दुखतायत, ते तुझ्या नावावर.

बातमी अशी की तू आता सव्वीस जणांचा काका झाला आहेस.

नीट सांगते. मी अंबरनाथला एका खासगी हॉस्पिटलात नर्स आहे. आयर्लंडला नोकरीचं जुळतंय, पण त्याआधी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. एकदा दिली. बोलणं, ऐकणं, वाचणं सगळं निभावलं आणि निबंधात अर्धा गुण कमी पडला. अर्धा! म्हणून मग उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये हेमराजानी सरांचा क्लास लावला. खाली बॅगांचं दुकान, वर आम्ही. सर पन्नाशीचे असतील, चष्मा कायम कपाळावर, आणि निबंधापेक्षा निबंधातल्या उदाहरणावर त्यांचा जीव. प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी एक ओळ असते, की स्वतःच्या माहितीतली किंवा अनुभवातली उदाहरणं द्या. सर म्हणतात, पोरं मरतात ती त्याच ओळीवर. “देखो बच्चे लोग, मत सबके पास होता है. चायवाले के पास भी है. तुम आदमी लाओ. जगह लाओ. क्या हुआ, वो लाओ.”

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, कुणाच्या घरी धंदा आहे का? सगळी नोकरदारांची पोरं, एकमेकांकडे बघत बसली. मी हात वर केला. म्हटलं, माझ्या काकाचा जीन्सचा कारखाना होता, कॅम्प पाचला. सरांचा चष्मा कपाळावरून नाकावर आला. “जीन्स! उल्हासनगर! असली चीज लायी है लडकी!” आणि तू फळ्यावर चढलास. माय अंकल.

त्या दिवसापासून तुला सुट्टी नाही. निबंध तंत्रज्ञानावर आला की तू नवी मशिनं आणून श्रीमंत होतोस. शिक्षणावर आला की शाळा अर्धवट सोडल्यामुळे बुडतोस. तब्येतीवर आला की दिवसरात्र काम करून आजारी पडतोस आणि पुढच्याच आठवड्यात व्यायामाचं महत्त्व पटून रोज सकाळी पळायला जातोस. तू आणि पळणं! देवळापर्यंत जायला स्कूटर काढायचास. माझ्या शेजारी राजसी म्हणून एक मुलगी बसते, अंबरनाथची, तिला शिकायला बाहेर जायचंय. तिने तर तुला चार मुलं दिली आहेत आणि त्यातली धाकटी ऐकत नाही.

गंमत चालली होती, पण मागच्या रविवारी सरांनी मला थांबवलं. म्हणाले, “सोनल, तेरा अंकल कारखाना खोलता है, मेहनत करता है, और फिर? गायब! परीक्षक पूछेगा ना, फिर क्या हुआ?”

मी वही मिटली. कारण फिर क्या हुआ, ते मलाच माहीत नाही, काका. तू गेलास तेव्हा माझी बारावी चालू होती. आई म्हणते धंदा बसला. बनूआत्या म्हणते दृष्ट लागली. शेजारचे म्हणतात की तुझं कुठे तरी लग्नाचं जमलं होतं आणि ते मोडलं. बाबाला विचारलं की तो नदीवरच्या पाण्याच्या पंपावर जायला निघतो, ड्यूटी नसली तरी. एवढी कारणं असली की त्यातलं एकही खरं नाही असं मला वाटतं.

परीक्षा हे निमित्त आहे हे तुला कळलं असेलच. खरं सांगायचं तर परीक्षा सुटली की मी नव्या वर्षात जाणार. आणि मी गेले की या घरात तुझं नाव काढणारं कोणी उरणार नाही. आई घाबरते आणि बाबा बोलत नाही. मला जायच्या आधी तुम्हा दोघा भावांना एकमेकांशी बोलताना बघायचंय. भांडलात तरी चालेल.

तेवढं लिही. का गेलास?

सोनू


उल्हासनगर कॅम्प ४, क्लासच्या जिन्यात
रविवार, २४ ऑगस्ट

बाळाकाका,

उत्तर नाही आलं. पत्र परतही नाही आलं, म्हणजे पोचलंय. मी पोस्टात जाऊन विचारलं. तिथल्या बाईंनी माझ्याकडे असं बघितलं जणू मी पत्र नाही, बैलगाडी पाठवली होती.

आज जिन्यात बसून लिहिते आहे, कारण वर्गातून मी उठून आले. तुझ्यावरून भांडण झालं.

सराव निबंध होता, कारखान्यांचे नियम कडक असावेत की नाही. राजसी उभी राहून वाचायला लागली. छान वाचते ती, दूरदर्शनच्या बातम्यांसारखं. माझे काका उल्हासनगरला जीन्स कारखाना चालवत. तिथे रसायनं हाताळताना ते हातमोजे घालत नसत. तिथपर्यंत ठीक. मग ती म्हणाली की त्यामुळे त्यांना असाध्य आजार झाला आणि दोन वर्षांत ते वारले.

मी म्हटलं, वारले नाहीत.

सगळे हसले. राजसी म्हणाली, “अगं, उदाहरण आहे. परिणाम मोठा हवा, सरच म्हणतात ना.”

“परिणाम मोठा हवा तर तुझ्या काकाला मार. माझा मारायचा नाही.”

“माझे काका एलआयसीत आहेत गं. त्यांचं काय होणार?”

मला त्या क्षणी हसूही आलं आणि रडूही आलं. दोन्ही एकदम आलं की तोंड फार वेडंवाकडं होतं, म्हणून बाहेर आले. काका, मी हॉस्पिटलात रोज माणसं जाताना बघते आणि घरी येऊन जेवते. पण इंग्रजीत का होईना, तुला कुणी मारलेलं मला सहन झालं नाही. सात वर्षं तुझं तोंड बघितलेलं नाही आणि तू बरा आहेस की नाही हेही मला बनूआत्याकडून कळतं. राजसीचं वाक्य खरं असतं तर ते मला किती दिवसांनी कळलं असतं, असा विचार मनात आला आणि मी घाबरले.

सर मागोमाग जिन्यात आले. चष्मा कपाळावरच. म्हणाले, “रोती क्यों है? अच्छा, चल, अंकल को मार नहीं सकते, ये रूल बना देता हूँ.”

मी म्हटलं, त्यांना काढूनच टाका. दुसरा कुणी तरी घ्या.

“अरे, अभी कैसे निकालूँ? पूरा बॅच को रट गया है.” मग माझ्या बाजूला पायरीवर बसले आणि माझा निबंध पुढे धरला. म्हणाले, तुझी गडबड वेगळीच आहे. “तू एक्झाम्पल टेबल पर रख देती है और आगे चल देती है. उसके बाद एक लाईन चाहिए, कि इससे क्या साबित हुआ. नहीं तो सामनेवाला अपने मन से कुछ भी समझ लेगा.”

हे त्यांचं ठरलेलं पालुपद आहे. पण त्यांनी ते आज जिन्यात बसून सांगितलं, म्हणून लक्षात राहिलं.

नियम झाला आहे. तुला आता वर्गात मरता येणार नाही. बुधवारी गणपती बसतील. तू येशील असं आई तोंडाने कधी म्हणत नाही, पण दरवर्षी तुझा गादीवरचा पलंगपोस धुऊन ठेवते.

सोनू


जांभूळ
रविवार, १४ सप्टेंबर

बाळाकाका,

आज चेष्टा करायचं मन नाही. तुला विचारायचं ते एकच आहे, पण आधी काय झालं ते सांगते.

मी घरी निबंध बाबाला वाचून दाखवते. त्याला इंग्रजी येत नाही, पण तो चांगला ऐकतो. आधी इंग्रजीत वाचते, मग मराठीत सांगते. काल विषय होता, पर्यावरण जपायचं काम सरकारचं की माणसांचं. सरांनी यासाठी तयार करून दिलेलं उदाहरण असं होतं की काकांच्या कारखान्याचं रंगीत पाणी नदीत जात होतं, सरकारने कारखान्याला सील ठोकलं आणि वर्षभरात नदी स्वच्छ झाली. मी वर्गात म्हटलं होतं, सर, नदी तर अजून घाण आहे. सर म्हणाले, “निबंध में तो साफ कर दे.”

मला वाटलं होतं सील वगैरे सगळं सरांच्या डोक्यातून आलंय. मी मराठीत सांगितलं, ‘मग सरकारने काकाचा कारखाना बंद केला.’ बाबा चहा पीत होता. त्याने कप खाली ठेवला.

“सरकारनं नाय.”

“मग?”

“मी.”

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दारातच उभी राहिली. तिला माहीत होतं हे मला तेव्हा कळलं.

मग बाबा बोलला. मी त्याला इतकं सलग बोलताना कधी ऐकलं नव्हतं. शहरात जीन्स धुऊन रंग उतरवायच्या गाळ्यांवर कडक तपासणी सुरू झाली तेव्हा तू शिलाई कॅम्प पाचला ठेवलीस आणि धुलाई आपल्या शेताच्या कडेला, पत्र्याच्या गाळ्यात आणलीस. गाळ्याचं पाणी ओढ्याला, ओढा नदीला, आणि नदीतून बाबाच्या पंपाला. “तो निळं सोडतो आन मी तेच वर खेचून साफ करतो, असा खेळ चालला व्हता,” असं म्हणाला. “गावच्या बाया वड्यावर कपडे धुवाया जायच्या त्या बंद झाल्या. पोरांना खरूज झाली. मला लोक तोंडावर बोलत नसत, का तर भाऊ.”

मग त्याने अर्ज केला. स्वतःच्या नावाने, स्वतःच्या सहीने. निनावी केला नाही, कारण निनावी अर्ज करणाऱ्याला तो माणूस समजत नाही.

मी म्हटलं, “सख्ख्या भावावर अर्ज? आधी त्याला सांगायचं तरी.”

“तीन वेळा सांगितलं.”

“काय सांगितलंस?”

त्याने कप पुन्हा उचलला. मी नर्स आहे, काका. पेशंट दुखणं सांगत नाही तेव्हा कसं काढून घ्यायचं हे मला येतं. म्हटलं, शब्द सांग. पहिल्या वेळी नेमकं काय म्हणालास?

“शब्द कशाला? पानी समोर ठेवलं त्याच्या.”

पंपावर त्यांची पद्धत असते. पाळी बदलताना पाण्याचे नमुने बाटल्यांत भरून टेबलावर ओळीने मांडून ठेवतात. पुढचा माणूस येतो, बाटल्या उजेडाकडे धरतो आणि त्याला सगळं कळतं, गढूळ किती, औषध किती. बोलायची गरज नसते. बाबाने तसंच केलं. ड्यूटीवरून येताना ओढ्याचं निळं पाणी काचेच्या बाटलीत भरलं आणि तुझ्या गाळ्यातल्या टेबलावर ठेवलं. तू कॅम्प पाचला गेलेला होतास. दोन दिवसांनी दुसरी बाटली ठेवली, मग तिसरी. “तरी त्यानं बंद केलं नाय. म्हंजे त्याला करायचंच नव्हतं.” मग अर्ज.

आता सांग, काका. त्या बाटल्या तुला मिळाल्या होत्या का? बाबा तुला सांगायला आला होता, हे तुला कळलं होतं का? कळलं असेल आणि तरीही तू धुलाई चालू ठेवली असशील, तर मी पुन्हा लिहिणार नाही. पण कळलं नसेल तर तुम्ही दोघं सात वर्षं नक्की कशावर रुसला आहात, हे मला समजायला हवं.

सोनू


जांभूळ
रविवार, ५ ऑक्टोबर

बाळाकाका,

तुझं पत्र आलं! अक्षर तसंच, मुंग्या चालल्यासारखं. मी हॉस्पिटलातून आले तर आईने ते देवघरात ठेवलं होतं.

तू लिहिलंस, ‘दादानं मला एका शब्दानं सांगितलं नाही. साहेबांनी सील लावताना कागद दाखवला तेव्हा त्याची सही दिसली. तिथून पुढे मला त्या घरात घास गिळवेना, म्हणून निघालो.’ आणि मग बाटल्यांचं. ते मी तीनदा वाचलं. ‘त्या बाटल्या दादानं ठेवल्या होत्या? गाळ्यात रंगवाल्यांचे सेल्समन रोज नवे रंग ठेवून जायचे. मला वाटलं त्यातलाच कुणी नवा आहे. चिंधी बुडवून बघितली, रंगच चढेना. दुसरी बाटली आली, तीही तशीच. तिसरी आली तेव्हा मी पोरांना म्हटलं, असला पांचट रंग विकणाऱ्याला परत आत घेऊ नका.’

काका, मी हे बाबाला वाचून दाखवलं. तो ड्यूटीला निघालेला, एक चप्पल पायात, एक हातात.

“पांचट?” असं म्हणाला.

मी म्हटलं, हो.

“मला सेल्समन समजला?”

“तुला नाही. बाटलीला.”

तो ओट्यावर बसला. आधी त्याला राग आला, कान लाल झाले. मग हसायला लागला. इतका हसला की ठसका लागला आणि मी पाठ थोपटायला गेले तर तो रडत होता. आईने पाणी आणून दिलं आणि दोघांनाही, म्हणजे त्याला आणि तिथे नसलेल्या तुला, चांगलंच झापलं. “देवानं तोंड दिलंय ना तुमाला? का बाटल्याच मांडीत बसणार जल्मभर?”

मला जिन्यातले हेमराजानी सर दिसले. टेबलावर ठेवून पुढे निघून गेला माझा बाप, आणि समोरच्याने मनाला येईल ते समजून घेतलं. एक ओळ हवी होती. ‘बाळा, हे आपल्या ओढ्याचं पाणी आहे, बंद कर.’ एवढीच. ती त्याने लिहिली असती, नाही तर दारात उभं राहून बोलला असता, तर माझ्या बारावीच्या निकालाचे पेढे तू वाटले असतेस. मला दोघांचाही फार राग आला आणि फार वाईटही वाटलं.

मी वही घेऊन बसले. म्हटलं, सांग, काय लिहू काकाला?

“काय लिवणार? अर्ज चुकीचा नव्हता. आजपन करीन.” मग हातातली चप्पल पायात घातली. “पन आधी बोललो असतो.”

“हे लिहू?”

“नको.”

त्याने नको म्हटलं म्हणूनच लिहिते आहे.

आता एक गोष्ट तुला विचारते, रागावू नकोस. बाटली तुला कळली नाही हे मी मान्य केलं. पण ओढा तर तुझ्या गाळ्याच्या दारातच होता. तो निळा झालेला तुला दिसत नव्हता का?

शनिवारी माझी परीक्षा आहे. ठाण्याला.

सोनू


जांभूळ
रविवार, १९ ऑक्टोबर

बाळाकाका,

उद्या दिवाळी, घरभर चकलीचा वास, आणि मी तुझं पोस्टकार्ड घेऊन बसले आहे. पण आधी परीक्षेचं सांगते.

निबंधाचा विषय असा होता की मोठी दुकानं आल्यामुळे छोटे धंदे बंद पडतात, हे चांगलं की वाईट. वाचलं आणि मनात म्हटलं, झालं! छोटा धंदा, उल्हासनगर, काका. अख्खा परिच्छेद पाठ. पुढच्या रांगेत राजसीची पाठ दिसत होती, तिचा पेन प्रश्न वाचल्या वाचल्या सुटला. काका निघाला होता तिचा.

मी तुला नेलं नाही. लिहायला गेले आणि हात थांबला. जूनमध्ये तू मला आदमी, जगह, क्या हुआ असा होतास. आता तुझ्याबद्दल मला खूप काही माहीत आहे आणि त्यातलं एकही वाक्य दुकानांच्या चांगल्या-वाईटासाठी वापरावंसं वाटेना. मग मी आमच्या हॉस्पिटलसमोरच्या भिमाबाईंवर लिहिलं. त्या पेशंटच्या नातेवाइकांना पेज आणि मऊ भात करून देतात. समोर मोठं फूड कोर्ट झालं तेव्हा त्यांची गिऱ्हाइकं गेली, आणि महिन्याभराने परत आली, कारण फूड कोर्टात पेज मिळत नव्हती. मग खाली ओळ लिहिली, की यातून दिसतं ते असं. सरांची शपथ, ओळ लिहिली.

बाहेर आल्यावर राजसी म्हणाली, “तुझे काका या वेळी एकदम मोठे कारखानदार झाले गं. मॉलमध्ये दुकान घातलं त्यांनी.” तिने मला समोसा दिला. तुझ्या मरणाचं तिने मनापासून सॉरी म्हटलं.

आता तुझं पोस्टकार्ड. मला वाटलं होतं तू काही तरी सबब सांगशील. तू लिहिलंस, ‘दिसत होतं. पण दादा पाण्यातला माणूस. तो रोज त्या ओढ्यावरून सायकलने जायचा आणि काही बोलत नव्हता. तो गप्प आहे म्हणजे एवढं चालत असेल, असं मी धरून चाललो.’

मी हे बाबाला वाचून दाखवलं नाही. पोस्टकार्ड त्याच्या हातात दिलं आणि चकल्या तळायला गेले. ते ओट्यावर बसून तो वाचत होता. पुढचंही त्याने वाचलं असणार, ‘दादाला सांग मी बरा आहे. यायचं मात्र म्हणू नकोस, आता उशीर झाला.’

कुणाला उशीर झाला, काका? तू इचलकरंजीत आहेस, चंद्रावर नाहीस. मला हे वाक्य अजिबात पटलेलं नाही. कोणत्याही उदाहरणाने तू ते पटवू शकणार नाहीस.

सोनू


जांभूळ
शनिवार, ८ नोव्हेंबर

बाळाकाका,

मी पास झाले. निबंधातला अर्धा गुण मिळाला आणि वर आणखी अर्धा. सरांनी खालच्या बॅगांच्या दुकानातून मला मोठी बॅग घेऊन दिली आणि म्हणाले, “अंकल को मेरा सलाम बोलना, बहुत बच्चे पास कराये उसने.” जानेवारीत निघायचं आहे.

भाऊबीजेला बनूआत्याने दोन पाट मांडले होते. तू फोनवर तिला काय सांगतोस ते मला माहीत नाही, पण तिने दोन मांडले. बाबा एकावर बसला. ओवाळून झाल्यावर उठला नाही, शेजारच्या पाटाकडे बघत राहिला. मग आत्याला म्हणाला, “रजा टाकतो.” त्याने नोकरीत आजारपण सोडून कधी रजा टाकलेली मला आठवत नाही. पंपावरच्या साहेबांनी विचारलं, कशासाठी? तर म्हणाला, काम हाय.

तर हे पत्र पोस्टाने आलेलं नाही हे तुझ्या लक्षात आलं असेलच. पाकिटावर तिकीट नाही. ते बाबाने आणलंय.

मी त्याला ओळखते आणि तूही ओळखतोस. तो दारात उभा राहील, पिशवी पुढे करेल, हे पत्र पुढे करेल आणि गप्प बसेल. एवढ्या लांब आलो म्हणजे सांगितलंच की, असं त्याला वाटेल. आणि तू दार धरून उभा राहशील आणि मनाला येईल ते समजशील, की हा सोनूच्या सांगण्यावरून आला, आत्याने पाठवला, इकडे काही कामाला आला होता. यातलं काहीही खरं नाही. त्याला कुणीही सांगितलेलं नाही. त्याने तिकीट स्वतः काढलं, तुझ्या आवडीचे वाल स्वतः निवडले आणि निघताना नवा शर्ट घातला.

म्हणून त्याच्या पुढची ओळ मी लिहिते आहे. त्याला ती दाखवली आहे. या वेळी तो नको म्हणाला नाही.

बाळा, मी तुला घरी न्यायला आलोय. अर्जाची माफी मागणार नाही. आधी बोललो नाही त्याची मागतो.

काका, वाचून झालं असेल तर वर बघ. तो अजून उभाच असेल. त्याला आत घे आणि बस म्हण.

सोनू